निस्सानच्या नव्या गाड्या येतायत, पण सोलापुरात घेणार कोण?

सात रस्त्याला जरा वेळ उभं राहा आणि नुसत्या गाड्या बघा. स्विफ्ट, अर्टिगा, क्रेटा, बोलेरो, नेक्सॉन, परत अर्टिगा. निस्सान दिसेपर्यंत हातातला चहा गार होतो. आणि हे फक्त आपल्याकडंच आहे असं नाही बरं का. 2024-25 या वर्षात देशात 43 लाखांच्या आसपास प्रवासी गाड्या गेल्या, त्यात निस्सानच्या किती तर 28 हजारांच्या आतबाहेर. हजार गाड्यांमागं सहा-सात. गंमत म्हणजे त्याच वर्षी कंपनीने इथं बनवलेल्या 70 हजारांवर गाड्या परदेशात पाठवल्या. म्हणजे बाहेर माल जातोय, घरातच गिऱ्हाईक नाही.

आता ही जपानी कंपनी म्हणतेय की आम्ही परत येतोय. डिसेंबर 2025 मध्ये त्यांनी पुढची रांगच जाहीर केली. आधी ग्रॅव्हाइट, सात सीटची छोटी फॅमिली गाडी. मग टेक्टॉन, क्रेटाच्या साईजची एसयूव्ही. आणि 2027 मध्ये एक मोठी सात सीटची एसयूव्ही.

पण तिकडं जपानमध्ये काय चाललंय ते आधी बघू, कारण त्याशिवाय ही घाई कळत नाही. मार्च 2025 ला संपलेल्या वर्षात निस्सानला 670 अब्ज येनपेक्षा जास्त तोटा झाला. होंडासोबत एकत्र यायची बोलणी डिसेंबर 2024 ला सुरू झाली आणि फेब्रुवारीत फिसकटली. एप्रिलमध्ये नवे सीईओ आले, इव्हान एस्पिनोसा, आणि मे मध्ये जाहीर झालं की 20 हजार नोकऱ्या जाणार, 17 कारखान्यांचे 10 होणार. 1961 पासून चालू असलेला ओप्पामाचा कारखानासुद्धा त्यात आला. योकोहामातलं स्वतःचं हेड ऑफिस विकलं आणि त्याच बिल्डिंगमध्ये आता भाड्यानं बसतायत. ऐकूनच कसंतरी वाटतं.

भारतातही तेच. चेन्नईजवळ ओरगडमला रेनॉ ही फ्रेंच कंपनी आणि निस्सान यांचा मिळून कारखाना होता, 2010 मध्ये सुरू झालेला, त्यात निस्सानचा हिस्सा 51 टक्के. तो हिस्सा 2025 मध्ये रेनॉने विकत घेतला. म्हणजे आता कारखाना रेनॉचा, आणि निस्सानची गाडी तिथं बनवून मिळणार.

हे सोलापूरकराला समजवायला लागत नाही. एमआयडीसीत कितीतरी जण स्वतःचे लूम विकून आता दुसऱ्याला सूत देतात आणि मजुरीवर माल विणून घेतात, चादरीवर छाप मात्र आपलाच. चालतं की, धंदा होतो. फक्त सीझनला ज्याचे लूम त्याचा माल आधी निघतो.

आणि हा छाप मारायचा प्रकार काय नवा नाही. 2013 ला निस्सानची टेरानो आली ती रेनॉची डस्टरच होती, तोंड बदललेली आणि जरा महाग. लोकांनी डस्टरच घेतली. आता टेक्टॉनसुद्धा नव्या डस्टरचीच बहीण आहे. पण या वेळी मेहनत जास्त दिसते, पुढचा भाग थेट त्यांच्या मोठ्या पेट्रोलवरनं घेतलाय. पेट्रोल म्हणजे इंधन नव्हे, पेट्रोल नावाची गाडी! आपल्या मिलिटरीची जोंगा आठवते का, जबलपूरला बनायची ती? ती याच गाडीची जुनी पिढी. जिल्ह्यात रिटायर्ड फौजी कमी नाहीत, त्यांना जोंगा म्हटलं की अजून डोळ्यात चमक येते, कंपनीने जाहिरातीत हे वापरलं तर चालेल बघा.

तरीपण मला विचाराल तर सोलापुरात टेक्टॉनवर फार काय ठरणार नाही. त्या साईजमध्ये क्रेटा आहे, सेल्टॉस आहे, ग्रँड विटारा आहे आणि शेजारी डस्टर स्वतः उभी आहे. इथं फरक पाडेल तर ग्रॅव्हाइट पाडेल.

का, तर आपल्याकडं गाडी निघते ती माणसं भरूनच निघते. रविवारी अक्कलकोट, मंगळवारी तुळजापूर, एकादशीला पंढरपूर, अमावस्या-पौर्णिमेला गाणगापूर. आई-वडील, दोन पोरं, एखादी आत्या, आणि तिच्या मांडीवर नैवेद्याचा डबा. पाच सीटच्या गाडीत हे सगळं कोंबायचं म्हणजे पोरांना दरवाजाला चिकटवून बसवावं लागतं. अर्टिगा घ्यायची तर बजेट वर जातं. म्हणून चार मीटरच्या आतली सात सीटर, त्यात सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, म्हणजे वेळ तर बरोबर साधलीय.

ग्रॅव्हाइट ही रेनॉ ट्रायबरवर बेतलेली आहे, आणि ट्रायबर 2019 पासून आपण बघतोय त्यामुळं हिचे गुणदोष आधीच माहितीयत. मागची सीट काढून चक्क घरी ठेवता येते. ट्रायबरमध्ये सातही सीट लावल्या तर डिकी उरते 84 लिटर, म्हणजे दोन बॅगा आणि वर एखादी पिशवी, आणि मागची रांग काढली की 625 लिटर. आता हे चादरीवाल्याच्या नजरेनं बघा. सोमवार ते शनिवार मागं टॉवेलचे गठ्ठे, रविवारी सीट लावून फॅमिली देवाला. असा वापर इथं शेकडो घरात होऊ शकतो आणि माझ्या मते जाहिरात हीच पाहिजे, डोंगरदऱ्या आणि ड्रोन शॉट नकोत.

खोट कुठंय? इंजिनात. ट्रायबरचं एक लिटरचं तीन सिलेंडर, 72 हॉर्सपॉवर. मे महिन्यात, पारा 43 ला, सात माणसं, एसी फुल आणि तुळजापूरचा घाट, तिथं गाडी दुसऱ्या गिअरवर येते आणि मागनं एसटी हॉर्न मारते. ग्रॅव्हाइटला पण तसलंच इंजिन असणार, मग घाटात चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

अजून एक गोष्ट कोणी बोलत नाही. सात सीटरचा निस्सानचा हा काय पहिला डाव नाही. 2012 ला इव्हालिया आणली, सरकत्या दाराची, आत मस्त जागा, पण दिसायला डिलिव्हरी व्हॅन, लोकांनी नाक मुरडलं. 2015 ला निस्सानच्याच डॅटसन या स्वस्त ब्रँडची गो प्लस, स्वस्तात सात सीट, पण तिसऱ्या रांगेत फक्त लहान पोरं बसणार आणि 2014 च्या क्रॅश टेस्टमध्ये साध्या गो ला शून्य स्टार मिळालेले, तो डाग गेलाच नाही. 2022 ला डॅटसनच बंद झाली. मायक्रा गेली, सनी गेली, किक्स गेली. 2024 ला पन्नास लाखाच्या घरातली एक्स-ट्रेल आणली, ती कोणासाठी होती देव जाणे. सगळं घर चालवलं ते मॅग्नाईट या एकट्या छोट्या एसयूव्हीने, डिसेंबर 2020 पासून.

म्हणून आपला गडी शोरूममध्ये मायलेजच्या आधी दुसरंच विचारतो, "कंपनी राहणार का बे?" त्याचं चुकत नाही. शेवरोलेने 2017 ला विक्री थांबवली, फोर्डने 2021 ला, आणि त्या गाड्या ज्यांच्या दारात होत्या त्यांचे रिसेलचे भाव गॅरेजवाल्यांना पाठ आहेत. रेनॉचा कारखाना, रेनॉचंच इंजिन, त्यामुळं ग्रॅव्हाइटचे बरेचसे पार्ट ट्रायबरचेच निघतील, ही उलट दिलासा देणारी गोष्ट आहे. पण बंपर, लाईट, बॉनेट वेगळे, आणि ठोकर नेमकी तिथंच लागते.

टूरवाल्यांचं गणित अजून वेगळं. त्यांना सीएनजी पाहिजे. मॅग्नाईटला 2025 मध्ये डीलरकडनं बसवायचं किट आलं, साधारण 75 हजारात. सात सीटरमध्ये टाकी नेमकी कुठं बसते आणि मागच्या प्रवाशाच्या बॅगा कुठं जातात, स्टेशनबाहेरचे ड्रायव्हर लोक हे वाकून बघणार आणि मगच मालकाला हो म्हणणार.