सगळी झाडं चारशे वर्षांची

(दृश्य : गावातला पार. सकाळची वेळ. वडाच्या पारंब्यांमधून येणारं ऊन, खाली दगडी चौथरा.)

निवेदन :

महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात जा, पारावर बसा आणि विचारा, "हे झाड किती जुनं?" उत्तर ठरलेलं आहे. चारशे वर्षं. साताऱ्यात विचारा, सांगलीत विचारा, मराठवाड्यात विचारा. तीनशे म्हणणारा क्वचित भेटेल, पाचशेच्या पुढे सहसा कोणी जात नाही. का, ते कळायला वेळ लागत नाही. चारशे वर्षं म्हणजे शिवाजी महाराजांच्या आसपासचा काळ. आपल्याकडे "फार जुनं" असं म्हणायचं असेल तर माणूस तिथवर जाऊन थांबतो.

हसण्यावारी नेऊ नका. कारण खरा आकडा विचारला तर शास्त्रज्ञांचीही थोडी पंचाईतच होते.

(दृश्य : सागाचा कापलेला ओंडका, त्यावरची वलयं अगदी जवळून.)

थंड प्रदेशातल्या झाडाची वाढ हिवाळ्यात थांबते आणि खोडात दर वर्षाचं एक वलय उमटतं. वलयं मोजा, वय कळेल. आपल्याकडे ही सोय साग देतो. पाऊसपाणी चांगलं झालं त्या वर्षी जाड वलय, कोरडं गेलं त्या वर्षी बारीक. सागाच्या ओंडक्यात जुने पावसाळे वाचता येतात. वड मात्र असा हिशेब ठेवत नाही. त्याच्या लाकडात वर्षागणिक स्पष्ट वलय पडत नाही. आणि पडलं असतं तरी मोजायचं कुठल्या खोडात?

(दृश्य : म्हसवे. मागे वैराटगड. झाडाच्या आत शिरणारा कॅमेरा. एकामागून एक खोडं.)

हे सातारा जिल्ह्यातलं म्हसवे. वैराटगडाच्या पायथ्याचं गाव. इथला वड एकेकाळी देशातल्या सर्वांत मोठ्या वडांमध्ये गणला जायचा, आणि तो पुस्तकांत शिरला तो एका मोजमापामुळे. 1882 साली ली-वॉर्नर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या वडाचा घेर मोजून घेतला. विस्ताराचा परीघ 1587 फूट. उत्तर-दक्षिण 595 फूट, पूर्व-पश्चिम 442 फूट.

फुटांवरून अंदाज येत नसेल तर शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. लंबगोल धरून हिशेब केला तर साधारण 190 गुंठे. म्हणजे पावणेपाच एकर. एका झाडाची सावली! आज पावणेपाच एकर रान ज्याच्या नावावर आहे तो गावात बऱ्यापैकी बागायतदार समजला जातो.

साहेबाने लांबी मोजली, रुंदी मोजली. वय मोजायचं ठरवलं असतं तर तो कुठून सुरुवात करता? वडाची फांदी आडवी वाढत जाते. तिला पारंबी फुटते. आधी केसासारखी बारीक, वाऱ्यावर हलणारी. गुरांनी खाल्ली नाही, पोरांनी झोके घेऊन तोडली नाही, तर एक दिवस जमिनीला टेकते. टेकली की मुळं धरते आणि हळूहळू जाड होत जाते. मग ती पारंबी राहत नाही, खांब होते. त्या खांबाच्या जिवावर फांदी आणखी पुढे सरकते. असं झाड जागेवर उभं राहत नाही, ते चालतं. मूळ खोड कुजून गेलं तरी बाकीच्यांचं अडत नाही. कोलकात्याजवळ हावडा इथल्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचं मधलं खोड बुरशीने पोखरलं म्हणून 1925 साली काढून टाकलं. झाड आजही वाढतंय, मध्यभागी मोकळी जागा ठेवून.

तेव्हा "हे झाड किती वर्षांचं" या प्रश्नाला वडाचं उत्तर असं आहे : कुठलं झाड? पणजा की पणतू?

(दृश्य : महामार्ग. ट्रक जाताहेत. रस्त्याच्या कडेला मोकळी जागा.)

निवेदन :

आता भोसे. सांगली जिल्हा, मिरज तालुका. रत्नागिरीहून नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गावरचं गाव. इथे यल्लम्मा देवीच्या देवळाजवळ एक वड होता. वय? बरोबर ओळखलंत. चारशे.

पंढरपूरच्या वाटेवरचं झाड. वारकऱ्यांनी टेकायची जागा. महामार्ग रुंद करताना हा वड आड आला आणि जुलै 2020 मध्ये तो तोडायची वेळ आली. गावकरी आणि वृक्षप्रेमी उभे राहिले. करोनाचे दिवस, माणसांनी एकत्र जमायचीही अडचण. तरी झाडाभोवती माणसं जमली आणि बाकीची मोबाइलवरून जमली. ऑनलाइन सह्या झाल्या, बातम्या झाल्या. राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकरे यांनी केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांना विनंती केली आणि रस्त्याची आखणी बदलायचं ठरलं. झाड राहिलं, रस्ता सरकला. असं आपल्याकडे रोज होत नाही, म्हणून त्या आठवड्यात भोशाच्या वडाचा फोटो बघितला नाही असा मराठी माणूस विरळाच.

(क्षणभर शांतता. फक्त वाऱ्याचा आवाज.)

दोन वर्षांनी, जून 2022 मध्ये, पावसात तो वड उन्मळून पडला.

कशामुळे, यावर बोलणारे पुष्कळ. आपण पुराव्याशिवाय बोलायला नको. एवढं मात्र झाडांची कामं करणारा कोणीही सांगेल की म्हाताऱ्या झाडाचा जीव जितका वर असतो तितकाच खाली असतो. फांद्यांचा घेर दिसतो, मुळांचा दिसत नाही. खोडाला हात न लावतासुद्धा झाड दुखावता येतं. भोवती खणलं, मातीचा भराव टाकला, बुंध्यापर्यंत डांबर किंवा काँक्रीट आणलं की पुरे. आपल्या शहरांत झाडांना बांधलेले सुबक सिमेंटचे कट्टे बघा. बसायला छान, झाडाला गळफास.

(दृश्य : इंद्रायणीचा घाट. आळंदी. अजानवृक्षाखाली पारायणाला बसलेले लोक.)

निवेदन :

काही झाडांना मात्र जन्मतारीख नसली तरी तिथी असते.

आळंदी. ज्ञानेश्वर महाराजांची संजीवन समाधी, शके 1218, म्हणजे इसवी सन 1296. समाधीजवळ अजानवृक्ष. वनस्पतिशास्त्रात याचं नाव एरेशिया लेव्हिस. महाराष्ट्रात इतरत्र हेच झाड दातरंग म्हणून रानात, माळावर उभं असतं आणि त्याला कोणी नमस्कारही करत नाही. पांढरी बारीक फुलं, साधी पानं. वडासारखा दरारा नाही.

पण याची कथा ऐका. समाधीनंतर जवळजवळ तीनशे वर्षांनी पैठणच्या एकनाथ महाराजांना स्वप्न पडलं. ज्ञानदेव सांगताहेत, अजानवृक्षाची मुळी माझ्या कंठाला लागली आहे, आळंदीला येऊन ती काढ. नाथ आले, समाधीचं स्थान शोधलं, मुळी बाजूला केली. ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत नाथांनी सिद्ध केली ती शके 1506 मध्ये, 1584 साली.

मला या कथेत मौज वाटते ती वेगळीच. मुळी काढली, झाड काढलं नाही. साक्षात माउलींच्या गळ्याला मूळ लागलं, तरी कुणी कुऱ्हाड आणली नाही. आज आपल्या सोसायटीच्या ड्रेनेजला मूळ लागलं की पहिला अर्ज झाड तोडण्याचा असतो.

आज तिथे दिसतं ते तेच झाड, की त्याच्या मुळांवरून पुन्हा फुटलेलं? हा प्रश्न पारायणाला बसलेल्या माणसाला पडत नाही. तिथेच सोन्याचा पिंपळ आहे. ज्ञानदेवांच्या आई रुक्मिणीबाईंनी याच पिंपळाला प्रदक्षिणा घातल्या असं मानतात. त्याचंही तेच.

तिकडे देहूला नांदुरकी. वडा-पिंपळाच्याच कुळातलं, बारीक पानांचं झाड. फाल्गुन वद्य द्वितीयेला, तुकाराम बीजेच्या दिवशी, भर दुपारी बाराच्या सुमाराला हे झाड सळसळतं अशी वारकऱ्यांची श्रद्धा. हजारो डोळे वर लागलेले असतात. ऊन मी म्हणत असतं. कीर्तन संपत येतं, फुलं उधळली जातात. झाड हललं का? तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, मला नका विचारू.

(दृश्य : संध्याकाळ. माळावरचा एकटा पिंपळ. खाली शेंदूर लावलेला दगड.)

संतांच्या वाट्याला थोडी झाडं आली. बाकीची भीतीने राखली. पिंपळावर मुंजा, चिंचेवर हडळ, बांधावर म्हसोबा. देवराईत तर सुकलेली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, नेली तर देव कोपतो. सत्तरच्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी देवरायांची पाहणी केली, तेव्हा आजूबाजूचे डोंगर उघडे पडले असताना तेवढ्या तुकड्यांत जुनं जंगल शाबूत असल्याचं त्यांनी दाखवून दिलं. भूत ही संस्था वाटते तितकी कुचकामी नाही.

(दृश्य : वसईचा किल्ला. पडक्या भिंती आणि त्यांच्यामध्ये गोरखचिंच.)

निवेदन :

आणि हे बघा, हे पाहुणं. वसई किल्ल्यातली गोरखचिंच. खोड हत्तीसारखं, राखाडी, गुळगुळीत. वर मात्र बारक्या फांद्या, झाडाच्या मानाने अगदीच तुटपुंज्या. नाव गोरखनाथांचं, फळाचा गर चिंचेसारखा आंबट, पण गाव आफ्रिका. इंग्रजीत बाओबाब. गोरखनाथांनी याच्याखाली शिष्यांना उपदेश केला असं म्हणतात. नाथपंथाने एका परदेशी झाडाला असं घरात घेतलं.

इथे कसं आलं? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या गोरखचिंचांची जनुकं ताडून बघितली. झाड एकदा नव्हे, अनेकदा आलं. आणि ज्या समुद्रमार्गांनी आफ्रिकेतली माणसं इथे आली, काही व्यापारी म्हणून, काही सैनिक म्हणून, काही गुलाम म्हणून, त्यांच्याच बरोबर ते आलं असावं. आपण ज्यांना हबशी म्हणतो, ज्यांनी जंजिरा कोणाला जिंकू दिला नाही, त्या लोकांच्या मागे उरलेल्या खुणांपैकी ही एक. मात्र शिलालेख नाही, ताम्रपट नाही. नुसतं झाड.

हिचं फूल बघायचं तर दिवसा येऊन उपयोग नाही. अंधार पडताना मोठं पांढरं फूल उमलतं, खाली तोंड करून लोंबतं. वटवाघळं येतात. दुसऱ्या दिवशी ते कोमेजतं आणि गळून पडतं.

गोरखचिंचेचं खोड आतून पोकळ होतं, तेव्हा वलयं मोजायची सोय इथेही नाही. पण पोकळीच्या आतून लाकडाचा बारीकसा नमुना घेऊन रेडिओकार्बन पद्धतीने, म्हणजे लाकडात उरलेला किरणोत्सारी कार्बन मोजून, वय काढता येतं, झाड न पाडता. अशाच पद्धतीने झिंबाब्वेतल्या पांके नावाच्या गोरखचिंचेचं वय निघालं सुमारे 2450 वर्षं. तेही झाड 2011 पर्यंत संपलं होतं.

मुंबईत सांताक्रूझला एस. व्ही. रोडवर एक गोरखचिंच होती. लोक तिला तीनशे वर्षांची म्हणत. ती 2022 च्या मे महिन्यात मेट्रोच्या कामासाठी तोडली. नमुना घेऊन वय काढायचं कोणाच्या मनात आलं असेल तर आता उशीर झाला आहे.

(दृश्य : शहरातला रस्ता. झाडाच्या खोडावर ठोकलेला नंबरचा पत्रा.)

निवेदन :

गंमत अशी की वयाचा हा प्रश्न आता सरकारी कागदावर आला आहे. महाराष्ट्रात नागरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. 2021 मध्ये त्यात बदल झाला आणि पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड "प्राचीन वृक्ष", हेरिटेज ट्री, ठरलं. असं झाड तोडायची वेळ आलीच तर त्याचं जितकं वय तितकी नवी रोपं लावायची आणि ती सात वर्षं सांभाळायची.

म्हणजे बहात्तरच्या दुष्काळाच्या साली कोणी दारात गुलमोहर लावला असेल तर तो आज प्राचीन. गुलमोहर मुळात मादागास्करचा, पण ते सोडा. गोरखचिंचेला चालतं तर त्यालाही चालेल. मोठा गोंधळ पुढे आहे. वयाएवढी रोपं म्हणजे वयाचा आकडा हवा. वडाचा आकडा कोण देणार? खोडाच्या घेरावरून अंदाज बांधायचा तर कुठल्या खोडाचा घेर? पारावरच्या आजोबांचं ऐकायचं तर सरसकट चारशे रोपं. तोडणाऱ्याला विचारलं तर झाड नक्की एकोणपन्नास वर्षांचं निघेल.

आणि कायदा आहे नागरी भागाचा. म्हसवे गाव आहे, भोसे गाव आहे. अशा गावांतल्या वडांना अजूनही देवी आणि पारावरची माणसं, एवढाच आधार.

(दृश्य : वटपौर्णिमा. वडाला गुंडाळलेला दोरा. कट करून शहरातला बाजार, फांद्यांचे गठ्ठे.)

वटपौर्णिमेला झाडाला सूत गुंडाळतात. सात जन्म तोच नवरा, ही मागणी. पारंब्यांनी पुन्हा पुन्हा जन्म घेणाऱ्या झाडाकडे ती करणं तसं रीतसर आहे. शहरात वड जवळ नसला की बाजारातून फांदी आणतात, दहा-वीस रुपयांना. संध्याकाळी ती कचऱ्याच्या गाडीत.

(दृश्य : जुन्या इमारतीची गच्ची. कठड्याच्या भेगेत दोन-चार पानांचं रोप.)

निवेदन :

शेवटचं झाड. हे कुठल्याही यादीत नाही. पिंपळाचं पिकलेलं फळ बुलबुलाने किंवा साळुंकीने कुठेतरी खाल्लं, इथे कठड्यावर येऊन बसली, बी भेगेत पडलं. मातीचा कण नाही, फक्त चुना आणि ओल. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला आहे. उपटायला कोणी तयार नाही. पिंपळ आहे, हात कोणी लावायचा? वॉचमनला सांगितलं, त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

या एकाच झाडाचं वय आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. मागच्या पावसाळ्यात ते इथे नव्हतं.

(दृश्य स्थिर. पान वाऱ्याने हलतं. नामावली.)