पाऊण मिनिट: ३१ जानेवारी २००१, जपानमधल्या याइझूचं आकाश

[दृश्य: अंधाऱ्या खोलीत रडारचा पडदा. एकमेकांकडे सरकणारे दोन ठिपके.]

रडारच्या पडद्यावर विमान दिसत नाही. दिसतो एक ठिपका आणि त्याला चिकटलेली छोटी पट्टी: उड्डाण क्रमांक, उंची, वेग. '३७०' लिहिलं असेल तर ३७,००० फूट. शेजारी वर जाणारा बाण असेल तर विमान चढतंय. लांब पल्ल्याच्या रडारचा अँटेना एक फेरी साधारण दहा सेकंदांत पूर्ण करतो. म्हणजे जमिनीवरून विमानांना वाट सांगणारा कंट्रोलर पाहतो ती जागा दहा सेकंदांपर्यंत शिळी असू शकते. ताशी ९०० किलोमीटर वेगानं जाणारं विमान तेवढ्यात अडीच किलोमीटर पुढे गेलेलं असतं.

दोन विमानांमध्ये आडवं अंतर किमान ५ सागरी मैल, म्हणजे सव्वानऊ किलोमीटर हवं. ते नसेल तर उभं अंतर हवं. २००१ मध्ये जपानवर या उंचीला ते २,००० फूट होतं.

[दृश्य: नकाशा. हानेदाहून निघणारी रेषा, पश्चिमेकडून येणारी दुसरी.]

त्या दुपारी जपान एअरलाइन्सचं ९०७ हे जम्बो विमान टोकियोच्या हानेदा विमानतळाहून ओकिनावातल्या नाहाला निघालं होतं आणि ३९,००० फुटांकडे चढत होतं. त्याच कंपनीचं ९५८, एक डीसी-१०, दक्षिण कोरियातल्या बुसानहून टोकियोजवळच्या नारिता विमानतळाला ३७,००० फुटांवरून येत होतं. दोन्ही मिळून ६७७ माणसं. टोकियो नियंत्रण केंद्रात या भागाचा माइक एका प्रशिक्षणार्थी कंट्रोलरकडे होता. त्याची प्रशिक्षिका शेजारीच बसली होती.

पडद्यावर टक्करीचा इशारा लुकलुकला तेव्हा जेमतेम एक मिनिट उरलं होतं. तो इतका उशिरा का आला, हे नीट समजून घ्यायला हवं. संगणक विमानाची आत्ताची दिशा सरळ पुढे ताणून हिशेब करतो. ९०७ मात्र वळत होतं. वळणाऱ्या विमानाची ताणलेली रेषा दर फेरीला दुसरीकडेच रोखलेली असते. वळण संपत आलं, तेव्हा कुठे ती ९५८च्या वाटेवर आली.

तोडगा सोपा होता: सरळ जाणाऱ्या ९५८ला खाली उतरवायचं, चढणाऱ्या ९०७ला चढू द्यायचं. प्रशिक्षणार्थीच्या मनातही तेच होतं. तोंडातून क्रमांक निघाला ९०७. पस्तीस हजारांवर उतरा, समोर विमान आहे.

९०७च्या वैमानिकानं सूचना परत म्हणून दाखवली. ही उजळणी असते ती नेमकी अशी चूक पकडायला. पण कंट्रोलर बहुतेकदा आकडा ऐकतो, ३५० बरोबर आहे ना एवढंच, आणि बोलणारा कोण हे निसटतं. इथे दोघांच्याही कानांतून ते निसटलं.

[दृश्य: कॉकपिट. 'क्लाइम्ब, क्लाइम्ब' असा यांत्रिक आवाज.]

काही सेकंदांत दोन्ही विमानांतलं टीकॅस, म्हणजे टक्कर टाळणारं यंत्र, बोललं. ही यंत्रणा जमिनीवर अवलंबून नसते. आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरना, म्हणजे विचारलं की रेडिओवरून उत्तर देणाऱ्या उपकरणांना, ती साधारण दर सेकंदाला विचारत राहते आणि भेट होईपर्यंत किती सेकंद उरलेत ते मोजते. इतक्या उंचीवर अंदाजे ४८ सेकंद आधी 'ट्रॅफिक', ३५ सेकंद आधी थेट आदेश. दोन्ही पेट्या आपसात ठरवतात, एकानं वर जायचं, दुसऱ्यानं खाली. ९०७ला सांगितलं चढा, ९५८ला उतरा.

९५८ उतरू लागलं, यंत्राच्या सांगण्यावरून. ९०७ उतरतच राहिलं, माणसाच्या सांगण्यावरून. कप्तानाला दुसरं विमान डोळ्यांनी दिसत होतं. इंजिनांचा जोर कमी केलेला होता, आणि विरळ हवेत तसंच नाक वर ओढलं तर विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचल जाऊन खाली पडेल, अशी त्याला धास्ती होती. त्याला मूर्ख ठरवणं सोपं आहे, पण त्या काळच्या नियमांत कंट्रोलर आणि टीकॅस यांत वाद झाला तर ऐकायचं कुणाचं, हे निःसंदिग्ध लिहिलेलंच नव्हतं.

आणि कंट्रोलर? कॉकपिटमधला आवाज त्याच्या पडद्यावर येत नव्हता. दोन्ही पट्ट्यांवरचे बाण खाली वळलेले त्याला दिसले, तेही एका फेरीच्या उशिरानं. त्यानं ९५८ला उजवीकडे वळायला सांगितलं, उत्तर नाही. मग प्रशिक्षिकेनं माइक घेतला आणि खाली उतरायचा आदेश दिला ९५७ला. त्या आकाशात ९५७ नावाचं विमानच नव्हतं.

[दृश्य काळं. दोन सेकंद शांतता.]

शेवटच्या क्षणी ९०७च्या कप्तानानं नाक जोरात खाली दाबलं. जम्बो डीसी-१०च्या पोटाखालून निघून गेलं. आडवं अंतर सुमारे १३५ मीटर, उभं त्याहूनही कमी. ९०७मध्ये पट्टा न लावलेली माणसं छतावर आपटली, खाद्यपदार्थांची ट्रॉली छतात जाऊन घुसली. सुमारे १०० जण जखमी झाले. ९५८ नारिताला उतरलं, ९०७ हानेदाला परतलं.

दीड वर्षानं, १ जुलै २००२ च्या रात्री, जर्मनीतल्या युबरलिंगनवर हाच पेच पडला. टुपोलेव्ह या रशियन प्रवासी विमानाला टीकॅस म्हणालं चढा, कंट्रोलर म्हणाला उतरा. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. टक्कर झाली, ७१ माणसं गेली.

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं नियम स्पष्ट केला: टीकॅसचा आदेश आला की तोच पाळायचा, कंट्रोलर उलट सांगत असला तरी. वैमानिक म्हणतो 'टीकॅस आर-ए', म्हणजे टीकॅसचा थेट आदेश आलाय. कंट्रोलर म्हणतो 'रॉजर', आणि 'क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट' (धोका टळला) ऐकू येईपर्यंत त्या विमानाची वाट बदलणारं काहीही बोलत नाही. टीकॅसच्या ७.१ आवृत्तीत आणखी एक दुरुस्ती आहे: दोन्ही विमानं एकदमच चढत किंवा एकदमच उतरत असतील आणि त्यांतलं एक आदेश मोडत असेल, तर यंत्र दुसऱ्याचा आदेश उलटवतं.

याइझूच्या घटनेतल्या दोन्ही कंट्रोलरवर, प्रशिक्षणार्थी आणि प्रशिक्षिकेवर, खटला चालला. जिल्हा न्यायालयानं सोडलं, उच्च न्यायालयानं दोषी धरलं, आणि ऑक्टोबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केली. ती स्थगित होती, तुरुंगात कुणी गेलं नाही. जपानमधल्या कंट्रोलरांना अजून सलणारा प्रश्न असा, की माइकवर क्रमांक चुकल्याची कबुली दिली तर पुढे गुन्हा दाखल होणार असेल, तर ती चूक तपासकांना मोकळेपणानं सांगेल कोण?