जिभेच्या कडेवरचा व्रण आणि मानेतल्या गाठी

जिभेचा कॅन्सर म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तंबाखू खायचे का?" बहुतेक वेळा उत्तर हो असतं. तंबाखू, गुटखा, खर्रा, सुपारी, दारू ही कारणं खरीच आहेत. पण आज मला बोलायचंय ते अशा थोड्या रुग्णांबद्दल, ज्यांनी सुपारीचं खांडही कधी तोंडात टाकलेलं नाही. त्यांत तिशी-पस्तिशीतल्या बायकाही असतात. प्रमाण कमी, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. "तोंड आलंय" म्हणून बी-कॉम्प्लेक्स, मग जेल, मग दुसरं जेल, मग दात टोचतोय म्हणून दाताचं टोक डॉक्टरकडून घासून बोथट करून घेणं. यात महिने जातात, आणि या आजारात महिने फार महाग पडतात.

जीभ म्हणजे सगळा स्नायू. आडवेउभे तंतू, भरपूर लसिकावाहिन्या (लसिका हा पातळ द्राव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) आणि दिवसभर हालचाल. कॅन्सरच्या पेशींना अडवेल असं आत काहीच नाही. म्हणून व्रण वरून केवढा दिसतो याइतकंच तो आत किती खोल गेलाय हेही महत्त्वाचं. तीन सेंटीमीटरची गाठ १० मिलिमीटरपेक्षा खोल गेलेली असेल, तर तिची गणना दुसऱ्या पायरीवरून तिसऱ्या पायरीवर जाते.

तपासणी साधी आहे. गॉजने जिभेचं टोक धरायचं, जीभ एका बाजूला ओढायची आणि दाढांच्या समोरची कड नीट बघायची. मग हातमोजा घालून तिथे बोट फिरवायचं. साधा छाला मऊ लागतो. कॅन्सरच्या व्रणाखाली बोटाला कडकपणा जाणवतो, कडा उचललेल्या असतात. कधी त्याच बाजूचा कान दुखतो आणि रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आलेला असतो. दोन-तीन आठवड्यांत न भरणाऱ्या कुठल्याही व्रणाची बायोप्सी झालीच पाहिजे, तंबाखू असो वा नसो. तुकडा व्रणाच्या कडेवरून घ्यावा. मधल्या भागात बरेचदा मेलेल्या पेशीच मिळतात. "सुई-सुरी लागली की पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. तुकडा न काढल्याने जो वेळ जातो, त्यात तो पसरतो.

आता मानेकडे येतो. जिभेची गाठ लहान आहे, मानेत हाताला काही लागत नाही, तर मानेतल्या लसिकाग्रंथी, म्हणजे जिभेतून सुटलेल्या कॅन्सरच्या पेशी जिथे आधी पोचतात त्या छोट्या ग्रंथी, काढायच्या की वाट बघायची? यावर जगभर अनेक वर्षं वाद होता. त्याचं उत्तर मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलमध्ये मिळालं, याचा मला मनापासून अभिमान आहे. डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. विश्लेषणातल्या ५०० रुग्णांपैकी बहुतेकांना जिभेचाच कॅन्सर होता. मूळ शस्त्रक्रियेबरोबरच ज्यांची मान साफ केली, त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते. गाठ आल्यावरच मानेला हात लावला, त्या गटात हा आकडा ६७.५ टक्के. म्हणून "मानेत काही नाही, मग चिरा कशाला?" असं नातेवाईक विचारतात तेव्हा मी हेच आकडे सांगतो. खांदा काही काळ आखडतो, व्यायाम करावा लागतो, हेही सांगतो.

जिभेचा मोठा भाग काढावा लागला तर मनगटाजवळची किंवा मांडीची त्वचा रक्तवाहिन्यांसकट आणून तिथे जोडतात. काढलेल्या भागाच्या तपासणी अहवालात ग्रंथींमध्ये आजार दिसला तर नंतर सुमारे सहा आठवडे रेडिएशन. ग्रंथीचं आवरण फोडून आजार बाहेर आलेला असेल किंवा कापलेल्या कडेवर पेशी सापडल्या, तर सोबत सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध.

शिकागोचे शेफ ग्रँट ॲकेट्स यांचं उदाहरण लोक मला देतात. २००७ साली त्यांना जिभेच्या चौथ्या टप्प्यातल्या कॅन्सरचं निदान झालं. जीभ काढण्याऐवजी शिकागो विद्यापीठात केमो आणि रेडिएशन दिलं गेलं. ते बरे झाले. गेलेली चव हळूहळू परत आली. फार आनंदाची गोष्ट आहे. पण जिभेच्या पुढच्या भागाच्या कॅन्सरला आजही पहिला उपचार शस्त्रक्रियाच आहे, आणि त्या एका उदाहरणावर विसंबून ऑपरेशन लांबवू नका.

ऑपरेशननंतर ट, ड, ळ, र अडखळतात. वाचा-उपचारतज्ज्ञाकडे लवकर जा, गिळण्याचे व्यायाम टाळू नका. आजार उलटतो तो बहुधा पहिल्या दोन वर्षांत. त्या काळात दर एक-दोन महिन्यांनी दाखवायला या. बरं वाटतंय म्हणून तारीख चुकवू नका. जीभ आणि मान दोन्ही हाताने चाचपून बघायला पाच मिनिटं पुरतात.