दोनशे पावलांचं कर्नाळा

नमस्कार श्रोतेहो.

पनवेल सोडून गोव्याच्या रस्त्याला लागलं, की दहा-बारा किलोमीटरवर झाडीच्या वर अंगठ्यासारखा एक सुळका दिसायला लागतो. तो कर्नाळ्याचा किल्ला. त्याच्या पायथ्याचं जंगल म्हणजे कर्नाळा पक्षी अभयारण्य. १९६८ साली जाहीर झालेलं, राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. क्षेत्र साधारण १२ चौरस किलोमीटर, पक्ष्यांच्या जाती दीडशेहून जास्त. मी विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. एवढ्या मोठ्या जंगलातली आमच्या मुलांच्या वाट्याला आलेली जागा म्हणजे फाटकापासूनची दोनशे-अडीचशे पावलं. आज मला त्या पावलांबद्दल बोलायचंय.

पहिल्या वर्षी आमचं सगळं चुकलं. रविवार निवडला, कारण पालकांना सुट्टी. बस भरून मुलं, आणि मनात ठरवलेलं की एक पायवाट तरी पूर्ण करायचीच. फाटकाशी गर्दी होती, कुणाच्या तरी पिशवीत स्पीकर वाजत होता, मागे हायवेवर ट्रकचे हॉर्न. आमचा दहा वर्षांचा एक मुलगा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, बोलत नाही. तो बसमधून उतरला, दोन्ही कानांवर हात दाबले आणि फाटकातच खाली बसला. त्याला उठवायला गेलो तसा तो ओरडायला लागला. भोवती माणसं जमली. त्याची आई त्याच्याशेजारी जमिनीवर बसून राहिली आणि मान खाली घालून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “ताई, तुम्ही बाकीच्यांना घेऊन जा, आम्ही बसमध्ये थांबतो.” ते दोघं अडीच तास बसमध्ये होते. बाकीचे आम्ही आत गेलो खरे, पण माझं निम्मं लक्ष बाहेरच होतं.

त्या दिवसानंतर आम्ही सहलीची तयारीच बदलली. आता आम्ही दोन शिक्षिका पंधरा दिवस आधी एकट्या जाऊन येतो. फोटो काढतो: फाटक, तिकिटाची खिडकी, वाटेचं पहिलं वळण, बसायचा कट्टा, स्वच्छतागृहाचं दार. या फोटोंची एक पट्टी करतो, ‘आधी हे, मग हे, मग घरी’ अशी. आठवडाभर रोज प्रार्थनेनंतर ती पट्टी मुलांसमोर येते. पुढे काय होणार हे माहीत नसणं, याची स्वमग्न मुलांना फार भीती वाटते. जागा नवी असली तरी फोटो ओळखीचा असला, की मूल त्याचा आधार धरून पुढचं पाऊल टाकतं.

आता आम्ही मंगळवार-बुधवारीच जातो, सकाळी लवकर, डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान. एका मुलामागे एक मोठं माणूस, यात तडजोड नाही. माणसं कमी पडली तर सहल पुढे ढकलतो. फिट येणाऱ्या मुलांची औषधं ठरलेल्या एकाच पिशवीत, आणि ती पिशवी ठरलेल्या एकाच माणसाच्या खांद्याला. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. ज्यांना आवाज सोसत नाही त्यांच्यासाठी कान झाकणारे जाड हेडफोन. खाणं बसमध्येच, कारण हातात डबा दिसला की माकडं झेप घेतात, आणि एकदा घाबरलेलं मूल पुढे वर्षभर सहलीचं नाव काढू देत नाही. अत्तर, वासाचं तेल त्या दिवशी कुणीही लावायचं नाही. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात, आणि मधमाश्यांना उग्र वास खपत नाही.

एक गोष्ट मात्र पालकांनी नीट ऐकावी. हिवाळ्यात कोकणातल्या जंगलात वेलींवर मखमली, सोनेरी-तपकिरी शेंगा लटकलेल्या दिसतात. मुलांचा हात हमखास तिकडे जातो, आणि स्पर्शातून जग ओळखणाऱ्या मुलाचा तर सगळ्यात आधी. ती खाजकुयली. तिची बारीक कुसं अंगाला लागली की आग आग होते, आणि बोलता न येणाऱ्या मुलाला काय होतंय ते सांगताही येत नाही. अशा वेळी चोळायचं नाही. चिकटपट्टी त्वचेवर लावून उचलायची, कुसं तिच्याबरोबर येतात. मग पाण्यानं धुवायचं. हे मला फाटकाजवळ भेटलेल्या एका मावशींनी सांगितलं. तेव्हापासून चिकटपट्टीचं रीळ माझ्या पर्समध्ये कायमचं राहतं.

आणि मग ती दोनशे पावलं. सुरुवातीची वाट रुंद आहे, म्हणून व्हीलचेअरवरच्या मुलीलाही बरोबर नेता येतं. मुरमात व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात. अशा वेळी खुर्ची थोडी मागे कलती करून, मोठ्या चाकांवर उलटी ओढत न्यायची. मागे एक, पुढे एक अशी दोन माणसं लागतात. उलटं जाताना त्या मुलीला सगळं जंगल आपल्यापासून दूर सरकताना दिसतं. पहिल्यांदा मला वाईट वाटलं, की तिला समोरचं दिसत नाही. पण ती वर बघत होती. इतर मुलं पायाखालचा दगड बघत चालत होती आणि तिनं एकटीनं, ऐनाच्या फांदीवरून उडालेला भृंगराज पक्षी पाहिला. त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे झुबके. तिनं हात हवेत लांबवून ते मला दाखवलं.

दहा पावलं चाललं की आम्ही थांबतो. सागाचं वाळलेलं पान गालावरून फिरवायचं. ते इतकं खरखरीत असतं की काही मुलं दचकतात, काही हसतात, आणि एक मुलगा मात्र दरवेळी तेच पान दुसऱ्या गालावरूनही फिरवून मागतो. ऐनाची साल तळहातानं चाचपायची, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी भेगांची. मुरुडशेंग खाली पडलेली असली तर तिचा पीळ बोटानं शोधायचा. आमच्यात एक मुलगी आहे, तिला अजिबात दिसत नाही. ती त्या पिळावरून बोट फिरवत शेवटापर्यंत गेली आणि म्हणाली, “ताई, ही माझ्या वेणीसारखी आहे.” मग तिनं ती शेंग वाकून, चाचपडत, होती तिथेच मातीवर ठेवली. अभयारण्यातून काही न्यायचं नसतं, हे आम्ही तिला फक्त एकदाच सांगितलं होतं.

पालकांशी बोलताना मला एकच अडचण पुन्हा पुन्हा ऐकू येते. ती पैशाची नसते, अंतराची नसते. ती असते, “लोक बघतात.” म्हणून जे श्रोते सुट्टीत अशा ठिकाणी जातात, त्यांना माझी विनंती. आम्ही वाटेत भेटलो तर मुलासमोर ‘याला काय झालंय’ असं विचारू नका. विचारायचंच असेल तर त्यालाच विचारा, “काय बघितलंस?” उत्तर आलं नाही तरी चालेल. स्पीकर बंद ठेवा. मूल जमिनीवर बसलं असेल तर बाजूनं शांतपणे पुढे जा, तेवढी मदत पुरे असते.

शासनाकडेही मागणं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची नोंद आहे. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते आणि स्वमग्नता त्यांत नव्हती. इतरांच्या बरोबरीनं करमणुकीचा, सांस्कृतिक जीवनाचा हक्कही या कायद्यानं दिलाय. तो हक्क जंगलात कसा दिसेल? स्वच्छतागृहाचं दार व्हीलचेअर आत जाईल एवढं रुंद असेल. सुरुवातीची दोन-तीनशे मीटर वाट सपाट, धरायला कठडा असलेली असेल. एखाद्या फलकावर ब्रेल असेल. दार दोन-तीन इंचांनी अरुंद होतं म्हणून बारा-तेरा वर्षांच्या मुलीला उचलून आत न्यावं लागलं, असं आमच्यासोबत एका पर्यटनस्थळी घडलंय. तिची लाज मी पाहिली आहे. डोंगरावर लिफ्ट बांधा असं कुणी म्हणत नाही, दार रुंद करा एवढंच म्हणणं आहे.

तो मुलगा, फाटकात बसलेला, त्याचं काय झालं? दुसऱ्या वर्षी तो फाटकापर्यंत आला आणि परतला. आम्ही त्यालाच सहल म्हटलं. तिसऱ्या वर्षी हेडफोन लावून वळणापर्यंत आला. वळण घेतलं की हायवेचा आवाज बराच कमी होतो. तिथे त्यानं हेडफोनची एक बाजू कानावरून थोडी सरकवली. फेब्रुवारी होता, आणि तांबट पक्षी एका उंच झाडावर टुक् टुक् टुक् लावून बसला होता. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसारखा, न थांबणारा ठेका. तो मुलगा उभा राहिला. त्याचा हात पाण्याच्या स्टीलच्या बाटलीवर गेला आणि बोटानं तोच ठेका पडायला लागला. त्याची आई माझ्याकडे बघत होती. कुणी बोललं नाही. सात-आठ मिनिटं तो आणि तांबट एकमेकांना सोडत नव्हते.

दुसऱ्या दिवशी वर्गात त्यानं बाकावर बोट आपटलं. टुक् टुक् टुक्. मी विचारलं, “कर्नाळा?” त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा आपटलं. आता आमच्या वर्गातली सगळीच मुलं सहल कधी असं विचारायचं झालं की बाकावर तीनदा बोट वाजवतात. यंदाच्या फोटोंच्या पट्टीत पहिलं चित्र तेच आहे: एक बाक आणि त्यावर टेकलेलं एक बोट.

नमस्कार.