शिक्षणाचा खर्च कुणाचा?

मंडळी, नमस्कार.

मघाशी चहाच्या वेळी एक मत ऐकलं. शिक्षणावर, संशोधनावर सरकारने पैसा का घालावा? ज्याला शिकायचंय त्याने कर्ज काढावं. मला हे अजिबात पटत नाही.

१९१३ साली बडोदा संस्थानने एका तरुणाला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार. वडील त्याच वर्षी वारलेले, तारण ठेवायला काही नाही. भीमराव आंबेडकरांना त्या काळी कुठल्या सावकाराने कोलंबिया विद्यापीठासाठी कर्ज दिलं असतं? तिथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला, आणि प्रांतिक अर्थकारणावरचा त्यांचा प्रबंध १९२५ मध्ये ग्रंथरूपाने आला तेव्हा तो त्यांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना अर्पण केला.

मराठी विश्वकोशाचंही तसंच. १९६० साली सरकारने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ नेमलं. वाईत विश्वकोशाचं काम सुरू झालं. पहिला खंड यायला १९७६ उजाडलं, विसावा पूर्ण व्हायला २०१५! एवढा धीर कुठला प्रकाशक धरेल? आज आपली इथे, महाराष्ट्राबाहेर वाढणारी मुलं तो घरबसल्या फुकट वाचू शकतात.

पण खरा अवघड प्रश्न जोतीराव फुल्यांनी १८८२ सालीच ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे ठेवला होता. महसूल कष्टकरी रयत भरते, आणि खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर. त्यांची मागणी होती, निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. हा प्रश्न आपल्यालाही लागू आहे. या सभागृहातले कितीतरी जण सरकारी कॉलेजांत नाममात्र फीवर शिकून इथे आलोत. उरलेली फी कुणी भरली? ज्यांची मुलं तिथवर पोचलीच नाहीत, त्यांनीसुद्धा भरली.

आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार पुढे आला. शाळा वाडीपासून लांब गेली की आधी मुलींचं नाव कमी होतं. बचत करायचीच तर ती इथे नको. आपल्या मंडळाने शिक्षण विभागाला तसं स्पष्ट पत्र लिहावं, असा माझा प्रस्ताव आहे. मसुदा मी करून देते. सह्या आजच घेऊ या.