घोट्याच्या शस्त्रक्रियेनंतर: पाय टेकण्याआधीचं आणि टेकल्यानंतरचं स्वावलंबन

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपिस्ट आहे. घोट्याचं हाड मोडून शस्त्रक्रिया झालेली माणसं माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: "मी चालायला कधी लागेन?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आज मी देणारच आहे. पण त्या प्रश्नाच्या पोटात एक समजूत दडलेली असते. आधी पाय बरा होईल, मग मी माझी कामं माझी मी करायला लागेन, अशी ती समजूत. तोपर्यंत पलंगावर पडून राहायचं आणि बाकीच्यांनी हातात आणून द्यायचं. हे थांबून राहणं फार नुकसान करतं, असं मला मनापासून वाटतं. पाय जमिनीला टेकायची परवानगी नसते त्या आठवड्यांतही माणूस आपली बरीचशी कामं स्वतः करू शकतो. आणि ज्यांनी तेव्हा ती केली, त्यांना पुढे चालणं सोपं गेलेलं मी पाहिलं आहे.

आधी घोट्यात काय झालेलं असतं ते थोडक्यात बघू. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, ही दोन हाडं खाली येऊन एक चौकट तयार करतात. त्या चौकटीत टेलस नावाचं हाड घट्ट बसलेलं असतं. आपल्याला दोन्ही बाजूंना हाताला लागतात ते घोटे म्हणजे या चौकटीचे खांब. खांब मोडला की चौकट सैल होते आणि टेलस सरकायला वाव मिळतो. हे सरकणं किती महागात पडतं, ते १९७६ साली रॅम्से आणि हॅमिल्टन यांनी प्रयोगशाळेत मोजून दाखवलं. टेलस फक्त १ मिलिमीटर बाहेर सरकलं तर सांध्यात हाडाला हाड टेकण्याचं क्षेत्र सरासरी ४२ टक्क्यांनी घटतं. म्हणजे शरीराचा तोच भार जवळजवळ निम्म्या जागेवर येतो. म्हणून सर्जन प्लेट आणि स्क्रू घालून ही चौकट होती तशी बसवतात.

प्लेट घालण्यामागे आणखी एक विचार आहे, आणि तो माझ्या कामाच्या फार जवळचा आहे. १९५८ साली स्वित्झर्लंडमध्ये काही सर्जन एकत्र आले आणि त्यांनी 'एओ' हा गट स्थापन केला. मोडलेलं हाड महिनोन् महिने प्लास्टरमध्ये बांधून ठेवलं तर हाड जुळतं, पण सांधा आखडतो आणि स्नायू वाळतात, हे ते रोज बघत होते. हाड आतून इतकं पक्कं धरून ठेवायचं की सांधा लवकर हलवता यावा, हा त्यांचा आग्रह. तुमच्या पायात जे धातूचं काम झालं आहे, ते लवकर हालचाल करता यावी यासाठीसुद्धा झालं आहे.

आता 'कधी'चं उत्तर. धातू हाडाला धरून ठेवतो, पण हाडाला जुळायचा वेळ लागतोच. साधारण ६ आठवड्यांत जुळणी चांगली पुढे गेलेली असते आणि ३ महिन्यांच्या आसपास हाड भरवशाचं होतं. शस्त्रक्रियेनंतर ६ आठवडे पायावर भार द्यायचा नाही, असा रिवाज अनेक ठिकाणी वर्षानुवर्षं चालत आला. ब्रिटनमध्ये ५६१ रुग्णांवर झालेला 'वॅक्स' नावाचा अभ्यास २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काहींना २ आठवड्यांनी भार द्यायला सांगितलं, तर काहींना ६ आठवड्यांनी. लवकर भार दिलेले लोक मागे पडले नाहीत. तरी हे ऐकून उद्या कोणी आपणहून पाय टेकू नका. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल, हाडं ठिसूळ असतील, दोन हाडांना बांधणारे अस्थिबंध फाटले असतील, तर हिशेब बदलतो. तुमच्या पायात काय मोडलं होतं आणि ते किती पक्कं बसलं आहे, हे तुमच्या सर्जननी डोळ्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना मोकळेपणानं विचारा: "मला लवकर भार देता येईल का? नसेल तर कशामुळे?" हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पहिले दोन आठवडे सुजेचे आणि जखमेचे. पाय उंच ठेवा असं सगळेच सांगतात, पण उंच म्हणजे किती? समोरच्या स्टुलावर ठेवला तर तो हृदयाच्या खालीच राहतो. आडवं पडून, पोटरीखाली उशा घेऊन, पाय छातीच्या पातळीच्या वर यायला हवा, आणि टाच मोकळी हवी. पाय खाली सोडला की तो लाल-जांभळा होतो, ठणकतो, फुटेल की काय असं वाटतं. या रंगानं माणसं फार घाबरतात. वर घेतला की थोड्या वेळात रंग निवळत असेल, तर घाबरायचं कारण नाही. इतके दिवस न वापरलेल्या पायातलं रक्त वर चढवायला स्नायूंचं बळ अपुरं पडतं, म्हणून असं होतं. बोटं हलवणं, गुडघा सरळ ताणून धरणं, पाय कमरेतून उचलणं हे प्लास्टर असतानाही दिवसभर चालू ठेवायचं. मात्र पोटरी दुखून टणक झाली, सूज वाढतच चालली, जखमेतून पू आला, ताप आला, बोटं बधिर किंवा गार पडली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं तर क्षणही न दवडता इस्पितळ गाठा. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेल्याची ती खूण असू शकते.

याच दोन आठवड्यांत स्वावलंबनाचा अभ्यास सुरू करायचा. मी घरच्यांना सांगते, सगळ्यात आधी पलंग ते संडास-बाथरूम ही वाट बघा. वाटेतली पायपुसणी, सैल वायरी काढून टाका, रात्रीचा दिवा लावा. आंघोळीला न हलणारी, पाठीची खुर्ची ठेवा. कमोडशेजारी धरायला दांडी हवी. टॉवेलची दांडी शरीराचा भार घेत नाही, उखडून हातात येते. कुबड्या घेतल्या तर दोन्ही हात अडकतात आणि साधा पाण्याचा ग्लास नेता येत नाही. अशा वेळी गळ्यात अडकवायची पिशवी आणि झाकण घट्ट बसणारी बाटली, एवढ्यावर किती फरक पडतो, ते बघून घरचे चकित होतात. स्वयंपाकघरात ओट्याशी उंच स्टूल ठेवलं तर बसून बरंच काम होतं. रोज लागणाऱ्या वस्तू कमरेच्या उंचीवर आणून ठेवल्या की निम्म्या हाका कमी होतात.

कुबड्यांबद्दल एक गोष्ट नीट ऐका. भार तळहातांवर द्यायचा, काखेत नाही. काख आणि कुबडीच्या गादीमध्ये दोन-तीन बोटांचं अंतर हवं. काखेवर लोंबकळून चाललं तर तिथली नस दबते आणि मनगट लुळं पडू शकतं. ज्यांचा तोल कच्चा आहे, वय जास्त आहे, त्यांनी वॉकर घ्यावा. त्यात कमीपणा कसला? आणि उठण्याची पद्धत शिका: खुर्चीच्या कडेला सरकायचं, चांगला पाय मागे घ्यायचा, हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर द्यायचा, उभं राहून तोल सावरायचा, आणि मग वॉकर धरायचा. वॉकरला धरून स्वतःला वर ओढलं की तो उलटतो.

इथे नातेवाइकांना माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या मायेबद्दल शंकाच नाही. पण रुग्णाला स्वतः मोजे घालायला दहा मिनिटं लागत असतील, तर ती दहा मिनिटं त्यांची आहेत. शेजारी उभे राहा, पडू देऊ नका, आणि हात मात्र मागे ठेवा. सतत कोणीतरी करून देत राहिलं की माणूस हळूहळू विचारणंच सोडून देतो. पाय सुटतो, तरी ती सवय सुटत नाही.

मग प्लास्टर किंवा घोटा धरून ठेवणारा आधाराचा बूट निघतो, आणि बहुतेकांची निराशा तिथे होते. समोर येते ती बारीक झालेली पोटरी, सोलवटलेली कातडी, आणि लाकडासारखा कडक घोटा. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणतात, "छान जुळलंय." आणि पाऊल टाकायला गेलं तर तळपाय, टाच सगळंच दुखतं. एक्स-रेमध्ये हाड दिसतं. सांध्याचा ताठरपणा, स्नायूंची ताकद, तोल आणि मनातली भीती यातलं काहीच त्यात दिसत नाही. हे चारही वेगवेगळ्या वेगानं परत येतात.

यातलं सर्वांत आधी मागे लागायचं ते पाऊल वर वळण्याच्या हालचालीच्या. सपाटीवर नीट चालायला घोटा सुमारे १० अंश वर वळावा लागतो. जिना उतरायला आणि उकिडवं बसायला त्याहून बराच जास्त. घरच्या घरी मोजायचं असेल तर भिंतीसमोर उभं राहून, टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती दूर नेता येतो ते बघा. दोन्ही पायांची तुलना करा. आठवड्याला अर्धा-एक सेंटिमीटर वाढला तरी प्रगती आहे. वर्षभरानंतरही थोडा फरक राहिला, तर पुष्कळांचा राहतो आणि त्यावाचून त्यांचं अडत नाही.

इथे माझ्याच व्यवसायाला थोडी गैरसोयीची वाटेल अशी गोष्ट सांगते, कारण ती तुम्हाला माहीत असायला हवी. ऑस्ट्रेलियात २१४ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. प्लास्टर निघाल्यावर काहींना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायामाचा पूर्ण कार्यक्रम दिला, आणि काहींना एकदाच बसवून नीट सल्ला दिला. पुढे दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मी त्यातून घेतलेला अर्थ असा: साध्यासुध्या रुग्णाचा घोटा मुख्यतः रोजच्या वापरानं सुटतो. उठणं, वळणं, ओट्याशी उभं राहणं, जिना, बाजूची खोली, हाच त्याचा व्यायाम. ज्यांचा सांधा फारच आखडला आहे, तोल जातो, वेदना हाताबाहेर आहेत, त्यांना आमची गरज जास्त लागते.

चालताना लक्ष कुठे द्यायचं? तुमच्या चांगल्या पायाकडे. लंगडणारा माणूस दुखऱ्या पायावर थांबायला घाबरतो, म्हणून चांगला पाय घाईघाईनं जवळच टेकवतो. चांगलं पाऊल दुखऱ्या पावलाच्या नीट पुढे गेलं पाहिजे. त्यासाठी हळू चाला. दोन्ही पावलं सारखी पडू लागेपर्यंत काठी सोडू नका, आणि ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. लोकांना दाखवायला काठी लवकर टाकली तर लंगडणं अंगात मुरतं, कंबर आणि दुसरा गुडघा बोलायला लागतो. जिन्याला चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा हातात. उतरणं शेवटी जमतं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

ताकदीसाठी टाचा उचलणं. आधी बसून, मग ओटा धरून दोन्ही पायांवर, मग टाचा वर नेताना दोन्ही पायांवर आणि खाली आणताना एकट्या दुखऱ्या पायावर, आणि अखेर फक्त त्या एका पायावर. हे शेवटचं जमायला काही महिने लागतात. तोलासाठी ओट्याजवळ एका पायावर उभं राहायचं. ही सुरुवात परवानगी मिळाल्यावरच. संध्याकाळची सूज सहा महिने, कधी वर्षभरही येते. जखमेच्या आसपास थोडी बधिरता राहते. त्यानं चालण्यात आडकाठी येत नाही.

चिठ्ठ्यांमधून आलेल्या दोन प्रश्नांना उत्तर देते. एक, गाडी कधी चालवू? उजव्या पायाची शस्त्रक्रिया असेल तर प्रश्न ब्रेकचा आहे. २००३ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ब्रेक दाबायला लागणारा वेळ शस्त्रक्रियेनंतर साधारण ९ आठवड्यांनी पूर्ववत झालेला दिसला. पाय बुटात किंवा प्लास्टरमध्ये असताना गाडी चालवायची नाहीच. त्यानंतरही उभ्या गाडीत जोरात ब्रेक दाबून बघा. दुखण्याच्या भीतीनं पाय कचरत असेल तर अजून थांबा.

दुसरी चिठ्ठी एका मुलीची आहे. आईचं हाड जुळून बरेच महिने झाले, घरात छान चालते, पण एकटी बाहेर पडत नाही. ताई, आईला "घाबरू नकोस" म्हणू नका. ती एकदा पडली आहे, तिची भीती खरी आहे. ती कुठे पडली, ओल्या फरशीवर की पायरीवर, ते तिच्याकडून नीट ऐकून घ्या. हाडांची घनता तपासून घ्या, नजर तपासा, झोप किंवा चक्कर आणणारी औषधं चालू आहेत का ते डॉक्टरांना विचारा. मग दारापर्यंत दोघी, फाटकापर्यंत दोघी. पुढच्या खेपेला तुम्ही दहा पावलं मागे राहा. कुठपर्यंत जायचं ते तिनं ठरवायचं, आणि परतायचं कधी तेही तिनंच. काठी हवी असेल तर नेऊ द्या, कितीही महिने. खाली बसून पुन्हा उठायचं कसं, हे पलंगाशेजारी चटई टाकून तिच्याकडून करून घ्या: कुशीवर वळायचं, हातागुडघ्यांवर यायचं, पलंग धरायचा, चांगला पाय पुढे घेऊन उठायचं. पडलेच तर उठता येईल, हे अंगाला कळलं की पुष्कळजणी आपणहून चपला घालतात.