घसारा, ऊन आणि अर्धी हवा : कांग यात्से-2

(दृश्य: कणकुंबीचा मुसळधार पाऊस. मग अथणीकडचं कोरडं माळरान.)

जुलै महिना. कणकुंबीत घराबाहेर पाऊल टाकवत नाही आणि अथणीत पेरणी पावसासाठी खोळंबलेली. जिल्हा एकच, बेळगाव. मोसमी वाराही तोच. सह्याद्री चढताना वारा बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच टाकतो, पूर्वेला पर्जन्यछाया उरते. तरी अथणीला वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर मिळतो. लडाखमध्ये आडवा येतो तो हिमालय. लेहला पाऊस आणि बर्फ धरून वर्षभरात जेमतेम 100 मिलिमीटर.

म्हणूनच आपल्याकडे डोंगर शेवाळतात त्या दिवसांत लडाखच्या शिखरांचा हंगाम ऐन भरात असतो. जुलै ते सप्टेंबरचा मध्य.

(दृश्य: निमालिंगच्या कुरणामागे उभं असलेलं कांग यात्से)

हे कांग यात्से. मारखा खोऱ्याच्या वरच्या टोकाला. मुख्य शिखर 6,400 मीटर, ते कसलेल्या गिर्यारोहकांचं. शेजारचं कांग यात्से-2 सुमारे 6,250 मीटर. इकडे गर्दी वाढली ती स्टोक कांगरी 2020 पासून बंद झाल्यावर. पायथ्याच्या स्टोक गावाचं पाणी त्याच डोंगरातून येतं, आणि चढणाऱ्यांच्या रेट्यानं ते घाण होऊ लागलं होतं. गावानं हरकत घेतली, ती रास्तच होती.

बेळगाव, खानापूर, चंदगड भागातल्या ट्रेकरचे पाय पक्के असतात. राजहंसगड, वैजनाथचा डोंगर, तिलारीचं रान. वाट निसरडी, झाडी दाट, पण हवा भरपूर. इथं आधी माथ्यावर पोचेल तो शाबासकी घेतो. लडाखमध्ये हीच सवय सगळ्यात आधी नडते.

समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटरवरच्या बेळगावातून निघालेला माणूस विमानानं दुसऱ्या दिवशी 3,500 मीटरवरच्या लेहला उतरतो. तिथं हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण 65 टक्के. 5,500 मीटरवर निम्मा, आणि शिखरावर त्याहून कमी. ऑक्सिजनचं प्रमाण सगळीकडे 21 टक्केच असतं, पण दाब उतरला की प्रत्येक श्वासात तो कमी येतो. शरीर आधी श्वास वाढवतं, मग रक्ताचा समतोल बदलतं. याला दिवस लागतात. व्यायामशाळेत कमावलेल्या छातीनं यातला एक दिवसही वाचत नाही. उलट धडधाकट तरुणच लवकर आजारी पडलेले दिसतात, कारण ते थांबत नाहीत.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यानं या भागात लेह-सियाचीनला नोकरी केलेला माणूस शोधावा लागत नाही. त्याला विचारा. लष्कराचा नियम तीन टप्प्यांचा: 2,700 ते 3,600 मीटरपर्यंत सहा दिवस, 4,500 पर्यंत पुढचे चार, त्यावर आणखी चार. हौशी माणसाच्या रजेत एवढं बसत नाही. तरी किमान हिशोब सोडू नये. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्यापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांतीचा.

(दृश्य: झंस्कार नदीकाठचं चिलिंग, मग मारखा खोरं)

लेहला तीन रात्री. मग चिलिंगवरून खोऱ्यात. स्किऊ 3,400 मीटरच्या आसपास, मारखा गाव 3,700, हांकर 4,000. इथवर शरीराला सवड मिळते. पुढे निमालिंग थेट 4,800 वर. आठशे मीटरची ही उडी खरा घात करते, म्हणून मध्ये थाचुंगत्सेला मुक्काम घ्यावा. आता मोटारीचा रस्ता चिलिंगच्या पुढे खोऱ्यात शिरलाय. गाडीनं वाचवलेले दोन दिवस निमालिंगला डोकेदुखीच्या रूपात वसूल होतात.

डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही पहिली सूचना. तिथंच थांबायचं. बसल्या जागी धाप, खोकला, गुलाबी फेस आला तर फुफ्फुसात पाणी. सरळ रेषेत टाचेला पंजा लावून चालता आलं नाही, तर मेंदूला सूज. दोन्हींत सकाळची वाट बघायची नाही, रात्र असली तरी खाली उतरवायचं. उंचीचा त्रास टाळायला घेतात ती असेटाझोलामाइडची गोळी घरून निघण्याआधीच डॉक्टरांना विचारून ठरवावी. सल्फाची ॲलर्जी असेल तर हे आवर्जून सांगा.

(दृश्य: जांभळे-तांबडे कडे, खाली हिरवा पट्टा)

खोऱ्यातला हिरवा रंग फक्त पाण्याकाठी दिसतो. विलो, पॉप्लर, सीबकथॉर्नची काटेरी झुडपं, सातू आणि वाटाण्याची शेतं. बाकी उघडा खडक. एकेकाळच्या टेथिस समुद्राच्या तळाचा गाळ इथं उभा वळलेला दिसतो. झाडमुळं नसल्यानं त्याला धरून ठेवायला काही नाही. रात्री फटीतलं पाणी गोठून फुगतं, दिवसा वितळतं, खडक फुटत राहतो. तयार होतो तो मैलभर घसारा, म्हणजे सुट्या दगडांचा घसरता उतार. आपल्याकडचा घसारा एखाद्या नाळेपुरता असतो. इथं तासन् तास तोच, दोन पावलं वर आणि एक खाली.

हा सगळा भाग हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातला. कड्यांवर भरल, म्हणजे रानमेंढ्या, चरतात. त्यांच्यामागे हिमबिबट्या असतो, दिसत मात्र क्वचितच. निमालिंगच्या कुरणात गुबगुबीत मार्मोट बिळाच्या तोंडाशी उभं राहून शिटी घालतं. बिस्किट देऊ नका, हिवाळ्याची चरबी त्याला गवतावरच साठवायची असते.

ओढे इथं उन्हानं फुगतात. सकाळी घोट्याएवढं पाणी दुपारी मांडीला लागतं, कारण वरचं बर्फ तोवर वितळून खाली येतं. ओलांडायचं ते सकाळीच. तंबू कोरड्या नाल्यात लावू नये. 2010 च्या ऑगस्टमधल्या ढगफुटीत लेह परिसरात दोनशेहून अधिक माणसं गेली. उघड्या डोंगरावर पडलेलं पाणी मुरत नाही.

(दृश्य: स्वयंपाकाचा तंबू, कुकरची शिट्टी)

निमालिंगला पाणी 84-85 अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ तासभर ठेवली तरी दाताखाली येते. कुकर हवाच. नुसत्या ब्यूटेनचं सिलिंडर शून्याखाली दाब धरत नाही, प्रोपेन मिसळलेलं घ्या किंवा रॉकेलचा स्टोव्ह. पाणी दिवसाला तीन-चार लिटर, तहान नसली तरी. कोरड्या हवेत घाम लगेच उडतो आणि किती गेला ते कळत नाही.

वाटेतल्या खाऊसाठी गोकाकचं करदंट उत्तम. डिंक, गूळ, सुकामेवा. फक्त थंडीत ते दगड होतं. घरीच सुपारीएवढे तुकडे करून आतल्या खिशात ठेवा. कुंदा मात्र लेहपर्यंतच.

(दृश्य: हेडलॅम्पची रांग, अंधार)

बेस कॅम्प 5,100 मीटरच्या आसपास. निघायचं मध्यरात्रीच्या सुमारास. पहाटेपूर्वी तापमान उणे 10 ते 15. घसारा संपून बर्फ लागलं की क्रॅम्पॉन (बुटाखाली बांधायचे लोखंडी काटे), हार्नेस, दोर. बूट ताठ तळाचेच हवेत, ट्रेकिंगच्या मऊ बुटावरून क्रॅम्पॉन निसटतो. घसरल्यावर आइस ॲक्स रोवून थांबायचा सराव बेस कॅम्पवर आदल्या दिवशी झालेला असावा. बाटली मोज्यात घालून उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूला धरतं, झाकण मोकळं राहतं. नळीची पिशवी घेऊ नका, नळी तासाभरात गोठते.

चाल एका पावलाला एक श्वास, वर गेल्यावर दोन. बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे. चढायला सात ते दहा तास लागतात. परत फिरण्याची वेळ आधी ठरवावी आणि शिखर समोर दिसत असलं तरी पाळावी. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतं, क्रॅम्पॉनखाली गोळे चिकटतात, आणि थकलेला पाय नेमका उतरताना घसरतो. उन्हाचा चष्मा चौथ्या श्रेणीचा, म्हणजे सगळ्यात गडद काचेचा. ताजं बर्फ 80 टक्क्यांहून जास्त अतिनील किरण परत फेकतं. डोळे भाजल्याचं रात्री कळतं, वाळू गेल्यासारखे चुरचुरतात.

(दृश्य: कोंगमारू ला, पताका)

परतीची वाट पाच हजार मीटरहून उंच कोंगमारू ला ओलांडून शांग सुमदोला. खिंडीपलीकडची घळ अरुंद आहे आणि ओढा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. निमालिंगहून पहाटेच निघा, म्हणजे दुपारचं पाणी येण्याआधी घळीबाहेर पडता येतं.